रझाकार, वाटाघाटी आणि तीन पुस्तके

गेल्या सतरा सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आम्ही पिंगळीला एका कुटुंबात मिस्सेसाठी गेलो होतो. परभणीहून पूर्णेकडे रेल्वेने निघाले की वाटेत हे गाव लागते. मिस्सा आटोपली, चहा यावयाचा होता, आणि सकाळच्या ध्वजवंदनाहून आलेल्या त्या घरच्या मुलाने विषय काढला. त्याच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, सरकारने दहशतवादी गटांशी वाटाघाटी कराव्यात काय? मुलाचे उत्तर तयार होते. मुळीच करू नयेत. बोलणी केली की त्यांना प्रतिष्ठा मिळते, आणि एका टोळीला प्रतिष्ठा मिळाली की दहा टोळ्या उभ्या राहतात. घरातील वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली असती. पण ज्या दिवशी व ज्या गावात हा प्रश्न निघाला, ते पाहता उत्तर इतके सरळ असावे असे मनाला पटेना. पिंगळी गाव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते. सशस्त्र टोळ्या पदरी बाळगणाऱ्या सत्तेशी बोलावे की तिच्यावर चालून जावे, याचा खल दिल्लीत वर्षभर चालला होता, आणि त्या वर्षाची किंमत या मुलाच्या पणजोबांच्या पिढीने मोजली होती.

त्या रात्री परत आल्यावर आम्ही कपाटातून तीन जुनी पुस्तके काढली. तिन्ही इंग्रजीत आहेत, आणि तिन्हींचे लेखक त्या वाटाघाटींत प्रत्यक्ष सहभागी होते. व्ही. पी. मेनन हे भारत सरकारच्या संस्थान खात्याचे सचिव. संस्थानांच्या विलीनीकरणाचा त्यांचा इतिहास १९५६ साली प्रसिद्ध झाला व त्यात हैदराबादवर सलग तीन प्रकरणे आहेत. कन्हैयालाल मुनशी हे भारताचे हैदराबादेतील एजंट-जनरल. एका युगाच्या अंताविषयीच्या त्यांच्या आठवणी १९५७ च्या. तिसरे मीर लायक अली, निजामाचे अखेरचे पंतप्रधान. हैदराबादची शोकांतिका सांगणारे त्यांचे पुस्तक १९६२ मध्ये कराचीहून निघाले. एकाच घटनेविषयी दोन पक्षांच्या तीन माणसांनी लिहावे आणि तिन्ही पुस्तके उपलब्ध असावीत, असा योग इतिहासात वारंवार येत नाही. प्रश्नाची चर्चा हवेत करण्यापेक्षा या पुस्तकांच्या आधाराने करावी, असे आम्हाला वाटले.

मेनन यांचे गद्य कोरडे आहे. मसुदे, तारा, भेटी, पुन्हा मसुदे. वाचक कंटाळतो, पण कंटाळा आवरून वाचले तर याच कोरडेपणात एक भयंकर रात्र दडलेली सापडते. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे तीनच्या सुमाराची ती हकिकत आहे. निजामाच्या मंत्रिमंडळाने भारताबरोबरच्या ‘जैसे थे’ कराराच्या मसुद्याला बहुमताने संमती दिली होती. छत्तारीचे नवाब, सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद हे तिघे दिल्लीस निघणार होते. त्या पहाटे पंचवीस-तीस हजारांच्या जमावाने त्यांच्या घरांना वेढा घातला. जमाव इत्तेहादुल मुसलमीनचा होता व त्यामागे तिचा अध्यक्ष कासिम रझवी होता. शिष्टमंडळ निघू शकले नाही. निजामाने पाऊल मागे घेतले, जुन्या प्रतिनिधींनी राजीनामे दिले, रझवीला मान्य होणारे नवे शिष्टमंडळ दिल्लीला गेले. आणि महिनाभराच्या घासाघिशीनंतर, २९ नोव्हेंबर १९४७ रोजी, जवळजवळ त्याच मसुद्यावर सह्या झाल्या.

ही हकिकत सांगून मेनन पुढच्या तारेकडे वळतात. आमचे पान तेथेच उघडे राहिले. त्या पहाटे एक गोष्ट स्पष्ट झाली होती. दिल्लीच्या समोर जो बसला होता, त्याच्या शब्दामागे बळ नव्हते. बळ रस्त्यावरच्या माणसाकडे होते. निजाम हा रझवीचा कैदी होता की रझवी हे निजामानेच पाजळलेले हत्यार होते, हा वाद मराठवाड्यात आजही रंगतो. निजामाने स्वतः २३ सप्टेंबर १९४८ च्या नभोवाणीवरील भाषणात आपण असहाय होतो असे सांगून सारे खापर रझवीच्या गटावर फोडले. हे त्याने पराभवानंतर सांगितले, हे ध्यानात ठेवलेले बरे. पण दोहोंपैकी काहीही खरे मानले तरी दिल्लीपुढचा पेच तोच राहतो. कैद्याशी करार करावा तर तो पाळण्याची त्याला मुभा नाही, आणि हत्यार परजणाऱ्याशी करावा तर तो पाळण्याची त्याला इच्छा नाही.

या लातूरच्या वकिलाला दिल्लीने वाळीत टाकले होते असेही नाही. १९४७ च्या अखेरीस तो दिल्लीस आला, सरदार पटेलांना भेटला. मेनन यांनी ती भेट नोंदविली आहे. दहशतवाद्याशी बोलूच नये म्हणणाऱ्यांनी ही नोंद अवश्य वाचावी. लोहपुरुष म्हणून ज्यांचा दाखला दिला जातो, तेही बोलले होते. भेटीतून काही निघाले नाही, पण भेट झाली म्हणून आकाशही कोसळले नाही. आमच्या मते चूक भेटीत झालीच नाही. ती झाली करारात.

‘जैसे थे’ कराराला पाच कलमे आहेत. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार व दळणवळण पूर्वीप्रमाणे चालावे, एकमेकांकडे एजंट नेमावेत, तंटा लवादाकडे न्यावा, मुदत एक वर्ष. या पाच कलमांत रझाकार हा शब्द कोठेही नाही. उलट राज्यातील अंतर्गत शांततेसाठी निजामाच्या मदतीला फौज पाठविण्याचे बंधन भारतावर नाही, असे मात्र नमूद आहे. आणि सिकंदराबादेत असलेली भारतीय फौज १९४८ च्या प्रारंभी तेथून निघून गेली. कायद्याच्या भाषेत यात वावगे काही नसेल. पण परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतील गावकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याच्या दारात बंदूकवाला उभा असताना दोन सरकारांनी परस्परांशी हस्तांदोलन केले आणि पहाऱ्यावरचा शिपाई काढून घेतला, असाच त्याचा अर्थ होतो. रझाकारांचे दल टप्प्याटप्प्याने विसर्जित करावे ही अट माउंटबॅटन यांच्या अखेरच्या मसुद्यात, म्हणजे जून १९४८ मध्ये आली. तोवर गावे जळाली होती. तो मसुदाही निजामाने फेटाळला.

आता मुनशी. ते व्यवसायाने वकील, पण पिंडाने कादंबरीकार; गुजरातीत त्यांनी पाटणच्या इतिहासावर लोकप्रिय कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचे पुस्तक हाती घेतले की खाली ठेववत नाही. जुनी शेरवानी घालून अब्जावधींच्या संपत्तीवर बसलेला निजाम, निजामाच्या सरकारने राहावयास घर देण्यापासून केलेली टाळाटाळ, बोलारमचे वास्तव्य, भोवतालची हेरगिरी, सारे डोळ्यांपुढे उभे राहते. मात्र या रंगभूमीवर प्रकाशझोत बहुतेक वेळ स्वतः मुनशींवरच असतो. प्रत्येक पेच त्यांना आधी उमगलेला असतो आणि दिल्लीला उशिरा. आत्मकथेत एवढी सूट लेखकाला द्यावी लागते, असो. पण कादंबरीकाराची एक खोड येथे नडते. त्याला खलनायक हवा असतो, आणि रझवी त्याला आयता मिळतो. तो काळा होत जातो तसतसा निजाम नुसता विक्षिप्त म्हातारा होऊन सुटतो. प्रत्यक्षातही तसेच घडले. रझवीला शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. निजाम मात्र २६ जानेवारी १९५० रोजी हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. मुनशींच्या पुस्तकाची रचना आणि सरकारचे धोरण यांचे येथे विलक्षण जुळले आहे.

तथापि एका बाबतीत मुनशींचे निरीक्षण मेनन यांच्यापेक्षा सरस आहे. वाटाघाटी हा समोरच्या पक्षाच्या दृष्टीने वेळ मिळविण्याचा मार्ग होता, हे त्यांनी हैदराबादेत बसून ओळखले. करारावरची शाई वाळते न वाळते तोच निजाम सरकारने भारतीय चलनावर निर्बंध घातले आणि पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज दिले. शस्त्रे चोरून आणली जात होती. मे १९४८ मध्ये गंगापूर स्थानकावर मुंबईकडे येणाऱ्या मेलवर हल्ला झाला. बोलणी चालू असताना समोरच्याचे शस्त्रागार रिकामे होते आहे की भरते आहे, हे पाहणारा एक माणूस तेथे हवा असतो. मुनशी तो माणूस होते. त्यांचे दिल्लीने किती ऐकले, हा भाग वेगळा.

लायक अलींचे पुस्तक आमच्या वाचकांना रुचणार नाही, आणि म्हणूनच ते वाचावे. हे गृहस्थ अभियंता व उद्योजक होते. पराभूताने लिहिलेल्या पुस्तकात असतो तो कडवटपणा येथे आहेच, आणि रझाकारांच्या अत्याचारांकडे केलेला काणाडोळाही आहे. रझाकार म्हणजे संकटात सापडलेल्या समाजाचे स्वसंरक्षक दल, हा त्यांचा सूर पटण्याजोगा नाही. आपले तरुण गाव लुटत असताना पंतप्रधानाला ते ठाऊक नसणे आणि ठाऊक असून न थांबविणे, यांत नैतिकदृष्ट्या फार अंतर नाही. पण सरहद्दीवरून होणाऱ्या छाप्यांविषयी ते जे म्हणतात ते झटकून टाकता येत नाही. स्टेट काँग्रेसच्या कृतिसमितीने सीमेलगत छावण्या उभारल्या होत्या. तेथील तरुण निजामाच्या हद्दीत शिरत, करोडगिरी नाकी जाळत, तारा तोडत. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या सायंकाळी दिल्लीत महात्माजींची हत्या झाली त्याच दिवशी, उमरीची बँक लुटण्यात आली. मराठवाड्यात ही हकिकत अभिमानाने सांगितली जाते, आम्हीही ती बालपणी अभिमानाने ऐकली. पण हैदराबादच्या सचिवालयातून पाहणाऱ्याला त्या छावण्या कशा दिसत असतील? आज आपण जो शब्द सर्रास वापरतो तोच शब्द त्याने वापरला असता.

मग दहशतवादी कोण, हे ज्याने त्याने आपल्या खिडकीतून ठरवावयाचे काय? नाही. येथे सेमिनरीत शिकविलेले नीतिशास्त्र उपयोगी पडते. कृत्याची पारख आधी कृत्याच्या स्वरूपावरून होते, करणाऱ्याच्या झेंड्यावरून होत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक श्रद्धाग्रंथाने दहशतवादाला न्याय व प्रीती यांच्या विरुद्धचे घोर पाप ठरविले आहे, कारण तो धमकावतो, जखमी करतो व कोणताही भेद न करता मारतो. नाके जाळणे आणि निःशस्त्र गावकऱ्यांना इतरांनी धडा घ्यावा म्हणून मारणे, ही एका जातीची कृत्ये नव्हेत. आणि दुसऱ्या प्रकारचे कृत्य आपल्या बाजूच्या माणसाने केले तरी त्याचे नाव बदलत नाही. श्रद्धाग्रंथ एवढे सांगून थांबतो. असे पाप करणाऱ्याशी बोलू नये, असे त्याने कोठे म्हटलेले नाही. तसे म्हटले असते तर आम्हा धर्मगुरूंना कबुलीसंस्काराच्या खुर्चीवर बसण्याचे कारण उरले नसते.

तिन्ही पुस्तके मिटल्यावर मनात एक प्रश्न राहिला. त्या टेबलाशी एक खुर्ची कोणासाठी मांडलीच नव्हती? निजामाच्या बाजूला नवाब, इंग्रज कायदेपंडित, उद्योजक. भारताच्या बाजूला व्हाइसरॉय राहिलेले गव्हर्नर-जनरल, मंत्री, सचिव. ज्यांच्या जिवाची बोलणी चालली होती, त्यांचे नेते स्वामी रामानंद तीर्थ त्या वेळी कोठे होते? तुरुंगात. १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांना अटक झाली, करारानंतर नोव्हेंबर अखेरीस सुटका झाली, जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक, ती थेट १७ सप्टेंबरपर्यंत. वाटाघाटींचे जवळजवळ संपूर्ण वर्ष लोकांचा प्रतिनिधी गजाआड होता, आणि तो बाहेर आल्याखेरीज पुढचे वाक्य बोलणार नाही असे दिल्लीने म्हटले नाही. खेड्यातील दलितांची स्थिती तर आणखी बिकट. इत्तेहाद त्यांना आपल्याकडे ओढत होती. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून निजामाची बाजू घेऊ नका असे त्यांना बजावले. आपल्या धर्मग्रामांतील किती कुटुंबांची मुळे त्याच वस्त्यांत आहेत, हे येथे वेगळे सांगावयास नको.

आणि ही खुर्ची केवळ हिंदूंची नव्हती. हैदराबादेत ‘इमरोज’ नावाचे उर्दू पत्र निघे. त्याचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांवर टीका केली आणि हैदराबादने भारतात सामील व्हावे असे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये घरी परतताना रस्त्यावर त्यांची निर्घृण हत्या झाली. दहशतीचा पहिला बळी बहुधा दहशत माजविणाऱ्याच्याच घरातला शहाणा माणूस असतो. बोलावयाचे तर त्याच्याशी बोलावे. पण त्याचे रक्षण करण्याची ताकद आणि इच्छा दोन्ही हवीत.

पुढचे सर्वांस ठाऊक आहे. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हुकुमतीखाली सोलापूरच्या बाजूने भारतीय फौजा शिरल्या, इतर दिशांनीही शिरल्या, आणि १७ तारखेस सायंकाळी सारे आटोपले. ही कारवाई आवश्यक होती काय? आमचे उत्तर, होती. बोलणी प्रामाणिकपणे करून पाहिल्यावर, समोरून शब्द मोडला गेल्यावर आणि लोक रोज मरत असताना शस्त्र उचलणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य ठरते, असेच संत ऑगस्टीनपासून ख्रिस्तसभेची शिकवण सांगत आली आहे. पण त्याच शिकवणीचा दुसरा भाग असा, की शस्त्र उचलणाऱ्याने विजयानंतर पराभूतांतील निरपराधांची जबाबदारी घ्यावी. ती घेतली गेली नाही. १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांची समिती या भागात हिंडली. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. मृत बहुसंख्य मुसलमान होते, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले होते. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य झाला नाही व तो दीर्घकाळ प्रसिद्धही झाला नाही. आकड्यांवर वाद घालता येईल. मेनन आणि मुनशी यांच्या पुस्तकांत या प्रकरणाला त्याच्या वजनाइतकी जागा मिळालेली नाही, यावर वाद घालता येणार नाही.

पिंगळीच्या त्या घरात कोपऱ्यात एक वृद्धा बसल्या होत्या. माहेर नांदेडकडचे, वय नव्वदीच्या घरात. मुलाचे भाषण चालू असताना त्या गप्प होत्या. आम्ही निघताना मात्र हात धरून म्हणाल्या, “फादर, आदी आमी लपलो ज्वारीत, रझाकार आले तवा. मंग आमच्या शेजारच्या मुसलमानाच्या बाया लपल्या, लष्कर आल्यावर. ज्वारी तीच व्हती.” सप्टेंबरात ज्वारी डोक्याच्या वर जाते. मायने लुगड्याच्या ओच्यात भाकरी बांधून त्या बायांना नेऊन दिल्याचे त्या सांगत होत्या. तिन्ही लेखकांपैकी कोणी त्या रानात पाऊल ठेवलेले नाही. अनंत भालेराव यांनी हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावर मराठीत लिहिले, तेव्हा कोठे गावपातळीवरची माणसे दिसू लागतात. पण तो लढणाऱ्यांचा इतिहास आहे, लपणाऱ्यांचा नव्हे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू एका राजाचा दाखला देतो. दहा हजार सैन्य घेऊन वीस हजारांशी गाठ घेता येईल का, याचा तो राजा बसून विचार करतो, आणि जमणार नसेल तर शत्रू दूर असतानाच वकील पाठवून तहाच्या अटी विचारतो. दाखला शिष्यत्वाचा आहे, राजकारणाचा नाही, असे आमचे शास्त्राचे अध्यापक नेहमी बजावीत, व ते योग्यच होते. तरी प्रभूने उदाहरणादाखल घेतलेला शहाणा राजा शत्रूकडे वकील पाठवितो, एवढे तरी नजरेत भरते.

असा वकील कसा असावा? या प्रश्नावर आम्हाला बेलफास्टचे रिडेम्प्टरिस्ट धर्मगुरू फादर अलेक रीड आठवतात. उत्तर आयर्लंडमध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मी बॉम्ब उडवीत होती, त्या काळात ते गुप्तपणे तिच्या राजकीय नेत्यांशी बोलत आणि निरोप पोहोचवीत. १९ मार्च १९८८ रोजी बेलफास्टमध्ये एका अंत्ययात्रेत सापडलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना ठार मारण्यात आले. रस्त्यालगत पडलेल्या त्या देहांशेजारी गुडघे टेकलेल्या फादर रीड यांचे छायाचित्र जगभर गेले. त्या क्षणी त्यांच्याजवळ वाटाघाटींच्या प्रस्तावाचा लिफाफा होता, आणि त्याला त्या सैनिकांचे रक्त लागले. ज्यांनी मारले त्यांच्याच बाजूचा कागद खिशात, आणि ओठांवर मेलेल्यांसाठी प्रार्थना. लिफाफा बदलून त्यांनी तो पोहोचता केला. दहा वर्षांनी, १० एप्रिल १९९८ रोजी, शुभ शुक्रवारी करार झाला. आणि २००५ मध्ये शस्त्रे निकामी केली गेली तेव्हा साक्षीदार म्हणून हेच फादर रीड एका मेथडिस्ट पाळकाबरोबर उभे होते. हैदराबादच्या टेबलाशी असा एकही माणूस नव्हता, जो मसुदा आणि प्रेत या दोहोंच्या इतका जवळ होता.

आपल्या देशातही मिझोरमचे उदाहरण आहे. तेथे १९६६ मध्ये उठाव झाला, वीस वर्षे रक्त सांडले, स्थानिक ख्रिस्ती मंडळ्यांनी मध्यस्थी केली आणि ३० जून १९८६ रोजी करार झाला. तो टिकला. कारण लालडेंगा जे कबूल करी ते त्याच्या माणसांना मान्य होते. त्याने शस्त्रे ठेवा म्हटले आणि शस्त्रे ठेवली गेली. निजामाच्या सहीला हीच ताकद नव्हती.

वादविवाद स्पर्धेत कोणीतरी कंदाहारचे उदाहरण हमखास देईल. २४ डिसेंबर १९९९ रोजी विमान पळविले गेले. आम्ही तेव्हा नवदीक्षित होतो, आणि नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत त्या प्रवाशांसाठी प्रार्थना केली होती. ३१ डिसेंबरला तीन अतिरेकी सोडून प्रवासी परत आणले गेले, आणि सोडलेल्या मसूद अझहरने जैश-ए-महंमद उभी केली. सरकार चुकले असे घरी बसून म्हणणे सोपे आहे. विमानात आपली मुलगी असती तर आम्ही काय म्हटले असते ते आम्हाला ठाऊक नाही. पण गळ्याला सुरी लावून वसूल केलेली खंडणी आणि वाटाघाटी यांना एकाच नावाने संबोधणे चूक आहे. पहिल्या प्रकरणात बोलणी फसली म्हणून दुसऱ्यालाही दार बंद करावे, हा तर्क आम्हाला लंगडा वाटतो.

गडचिरोलीत आपल्या महाराष्ट्राने हाच प्रश्न अनेक वर्षे सोसला. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ सतरा पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात पंधरा जवान व वाहनचालक. २०२५ मध्ये माओवाद्यांकडून शस्त्रसंधीचे व बोलण्यांचे प्रस्ताव आले. केंद्र सरकारने आधी शस्त्रे ठेवा असे उत्तर दिले. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. यावरून बोलण्याची गरजच नसते असा निष्कर्ष काढणाऱ्यांना आम्ही एवढेच दाखवून देऊ, की राज्य सरकारने २००५ पासून आत्मसमर्पणाचे दार उघडे ठेवले होते. पुनर्वसन, पैसा, नोकरी यांची हमी देणे ही तडजोडच आहे, तिला वाटाघाटी म्हटले नाही इतकेच. ती तडजोड आम्हाला स्वागतार्ह वाटते. मात्र दोन बंदुकांमध्ये चिरडलेल्या माडिया-गोंड गावांना त्या मंडपात कोणी बोलावयास उभे केले होते काय, हा हैदराबादचाच प्रश्न तेथेही विचारावा लागतो.

तो मुलगा स्पर्धेत कोणत्या बाजूने बोलला ते आम्ही विचारले नाही. त्याला आम्ही मेनन यांचे पुस्तक दिले आहे, कारण ज्याला वाद घालावयाचा आहे त्याने प्रथम मसुदे वाचावेत. २७ ऑक्टोबरच्या पहाटेच्या पानावर खूण घालून ठेवली आहे. मुनशी त्यानंतर वाचावेत, झोप येत नसेल अशा रात्री. लायक अलींचे पुस्तक सहजी मिळत नाही. आमच्याकडील प्रत जीर्ण आहे आणि ती बाहेर देण्यासारखी नाही, पण धर्मगुरुनिवासात येऊन बसून वाचणाऱ्यास आमची ना नाही. आणि ज्यांच्या घरी अजून कोणी ऐंशी-नव्वदीच्या आजी असतील, त्यांनी ही तिन्ही पुस्तके उघडण्यापूर्वी त्यांना त्या सप्टेंबरविषयी विचारावे व जे सांगतील ते वहीत उतरवून आमच्याकडे द्यावे. पिंगळीच्या आजींचे सांगणे आम्ही लिहून घेतले आहे. ते चार पानांचे झाले असून अजून पुरे झालेले नाही.